भूमिती ऑप्शनला टाकू नका

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या वर्गात एक यादी फिरू लागते. काय काय ऑप्शनला टाकायचं, त्याची. बीजगणितातून फारसं काही गळत नाही. भूमितीतून मात्र वर्तुळाचा पाठ अर्धा जातो, कोनदुभाजकाचं प्रमेय जातं, आणि पायथागोरसचं विधान तेवढं राहतं, सिद्धता जाते. ही यादी कुठून येते ते मला ठाऊक आहे. कुणाच्या क्लासमधून, कुणाच्या मोठ्या बहिणीकडून, कधी कधी तर थेट पालकांकडून. मी पुण्यात पेठेतल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते, बरीच वर्षं शिकवते आहे. या यादीबद्दल एकदा सविस्तर लिहायचं होतं, ते आज लिहिते आहे.

आधी गुणांचं बोलू, कारण पालकसभेत विषय तिथूनच सुरू होतो. दहावीला गणिताचे दोन भाग. भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती. पेपर वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन-दोन तासांचे. उरलेले २० गुण शाळेकडे. भूमितीच्या पेपरात चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोन सोडवायचे, तिसऱ्याच्या ब भागात चारपैकी दोन. शिवाय ‘कृती पूर्ण करा’ म्हणून जे प्रश्न येतात त्यांत सिद्धता जवळजवळ सगळी छापलेली असते, मुलांनी रिकाम्या चौकटी भरायच्या. म्हणजे एकही सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः न लिहिता चांगले गुण पडू शकतात. यादी करणाऱ्यांचा हिशोब बरोबर आहे. चौकटींबद्दल माझी तक्रारही नाही. ज्या मुलाला कोऱ्या कागदाची धडकी भरते, त्याला त्या चौकटींमुळे निदान सुरुवात करता येते. पुढे मात्र तिथेच थांबायची सवय लागते आणि ते मला खुपतं.

शाळेच्या दहा वर्षांत मुलं किती लिहितात! इतिहासाची उत्तरं, विज्ञानाच्या व्याख्या, निबंध, समीकरणांच्या पायऱ्या. पण प्रत्येक ओळीपाशी थांबून ‘ही ओळ तू कशाच्या आधारावर लिहिलीस?’ असं विचारणारी जागा मला एकच दिसते, भूमितीच्या वहीतला उजवा रकाना. डावीकडे विधान, उजवीकडे कारण. नववीच्या मुलांना त्या रकान्याचा मनस्वी कंटाळा असतो. ‘बाई, कारण लिहायलाच पाहिजे का?’ हा प्रश्न जूनमध्ये सुरू होतो तो गणपतीपर्यंत चालतो. सेमीच्या तुकडीत तोच प्रश्न ‘रीझन कंपल्सरी आहे का?’ असा येतो. तिथे तर कारणांची संक्षिप्त रूपंच मुलांना पाठ असतात. सी.एस.सी.टी. (म्हणजे एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू) असं सुबक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि कोणते दोन त्रिकोण एकरूप, त्यांच्या कोणत्या बाजू संगत, असं विचारलं की मुलगा आकृतीकडे बघतच राहतो. म्हणून सेमीच्या तुकडीतही मी सिद्धता आधी मराठीत बोलून घेते. ‘हे दोन त्रिकोण बाकोबा कसोटीने एकरूप आहेत, म्हणून ही बाजू त्या बाजूएवढी’ हे घरच्या भाषेत तोंडातून नीट बाहेर पडलं, की इंग्रजीत कागदावर उतरायला वेळ लागत नाही.

माझ्या वर्गाचा एक नियम आहे. कुणीही फळ्यापाशी येऊन सिद्धता सांगायला लागलं, की बाकीच्यांनी फक्त एकच प्रश्न विचारायचा: कशावरून? ‘चूक आहे’ असं ओरडायचं नाही, उत्तर पुरवायचं नाही. सांगणाऱ्याने कारण द्यायचं आणि पुढे जायचं. कारण नाही सापडलं तर तिथेच थांबायचं आणि सगळ्यांनी मिळून शोधायचं. सुरुवातीला मुलं एकमेकांना अडवायला म्हणून विचारतात, त्यात थोडी खोडी असते. हळूहळू खोडी कमी होते आणि प्रश्न नेमक्या जागी येऊ लागतो. ‘हे दोन कोन व्युत्क्रम आहेत हे मान्य, पण समान कशावरून? रेषा समांतर आहेत असं दिलंय कुठे?’ चौदा वर्षांच्या मुलीने हा प्रश्न विचारला की त्या तासाला मला आणखी काही शिकवायचं बाकी नसतं.

एका वर्षी अर्धवर्तुळातला कोन चालू होता. मी सगळ्यांना वर्तुळ काढायला लावलं, व्यास काढायला लावला, आणि वर्तुळावर हवा तिथे बिंदू घेऊन तो व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडायला सांगितलं. कोनमापकाने मोजा. कुणाचा ९०, कुणाचा ८९, एकीचा ९१. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. वडिलांचा मंडईत गाळा आहे, हा पहाटे तिथे मदत करून शाळेत येतो, हिशोबाला पक्का. म्हणाला, ‘बाई, सगळ्या वर्गाचा नव्वदच आला की. मग सिद्ध कशाला करायचं?’

मला हा प्रश्न फार आवडतो. दरवर्षी कुणीतरी तो विचारावा अशी माझी इच्छा असते. त्याला उत्तर म्हणून मी काहीच बोलले नाही, फळ्यावर दुसरं वर्तुळ काढलं. वर्तुळावर दोन बिंदू घेऊन जोडले तर आतल्या जागेचे भाग किती? दोन. तीन बिंदू घेऊन प्रत्येक जोडी जोडली तर? चार. चार बिंदूंना आठ, पाच बिंदूंना सोळा. सगळं त्यांनी स्वतः काढून मोजलं. मग विचारलं, सहा बिंदू घेतले तर? वर्ग एका सुरात म्हणाला, बत्तीस. काढा म्हटलं.

पुढची दहा मिनिटं वर्गात शांतता होती. मग कुजबुज. ‘माझे एकतीसच येतायत.’ ‘नीट मोज, एक राहिला असेल.’ दोघींचे तीस आले, कारण त्यांनी बिंदू अगदी समान अंतरावर घेतले होते आणि मधले तीन कर्ण एकाच बिंदूतून गेले होते. बिंदू जरा सरकवले की एकतीस. बत्तीस कुणाचेच येईनात, आणि येणारही नाहीत. सहा बिंदूंना जास्तीत जास्त एकतीसच भाग होतात. गाळ्याच्या हिशोबात कधी न चुकणारा तो मुलगा पुन्हा पुन्हा मोजत होता. शेवटी म्हणाला, ‘पाच बिंदूंपर्यंत बरोबर आलं म्हणून सहाला येईलच असं नाही.’ हे वाक्य मी माझ्या टाचणवहीत लिहून ठेवलं आहे.

मग आम्ही परत अर्धवर्तुळाकडे आलो. वर्गात चाळीस-पन्नास मुलं, प्रत्येकाने एक बिंदू घेतला. अर्धवर्तुळावर बिंदू किती? अगणित. मोजून कसे संपतील? तेव्हा मुलांना पहिल्यांदा सिद्धतेची गरज वाटली. मी सांगितलं म्हणून वाटली असती तर त्याला काही अर्थ नव्हता, पुढच्या पाठाला विसरले असते.

सिद्धता तशी चार ओळींची आहे. वर्तुळावरचा बिंदू केंद्राला जोडा. दोन त्रिकोण तयार होतात आणि दोन्ही समद्विभुज, कारण बाजू म्हणजे त्रिज्याच. एकातले दोन समान कोन क्ष आणि क्ष, दुसऱ्यातले य आणि य. मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज क्ष, क्ष, य, य मिळून १८०, म्हणून क्ष आणि य मिळून ९०. झालं. बिंदू कुठेही असो, वर्तुळ बांगडीएवढं असो की मैदानाएवढं, आता कोनमापक लागतच नाही.

यातली अवघड ओळ पहिली. बिंदू केंद्राला जोडा हे सुचायचं कुणाला आणि कसं? गाईडमध्ये ‘रचना’ म्हणून ती ओळ छापलेली असते आणि मुलांना वाटतं, हे कुणा हुशार माणसाला आतून सुचत असणार, आपलं काम पाठ करायचं. मी रचनेवर हट्टाने वेळ घालवते, कधी अख्खा तास. वर्तुळ आपल्याला काय देतं? केंद्रापासून सारखं अंतर. ते अंतर आकृतीत दिसत नसेल तर त्रिज्या काढून दिसतं करायचं. समांतर रेषा काय देतात? समान कोन. मग कोपरा अडला असेल तर एक समांतर रेषा काढून बघायची. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० का, ते शिरोबिंदूतून पायाला एक समांतर रेषा काढली की उघड दिसतं. रचना सुचण्यामागे एक रीत आहे आणि ती शिकवता येते. प्रमेयं ऑप्शनला टाकताना मुलं नेमकं हेच टाकून देतात. पुढे अनोळखी उदाहरण समोर आलं की ‘सुचत नाही’ म्हणतात, आणि घरचे ‘याला गणिताचं डोकंच नाही’ म्हणून मोकळे होतात.

व्यत्यासाचंही, म्हणजे उलट्या विधानाचंही, तसंच. पायथागोरसचं प्रमेय वेगळं आणि त्याचा व्यत्यास वेगळा, हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही. पेठेतल्या मुलांना मी लक्ष्मी रोडवर नेते, म्हणजे मनाने. विसर्जनाची मिरवणूक असली की लक्ष्मी रोड गाड्यांना बंद असतो. हे खरं. आता उलटं वाचा: लक्ष्मी रोड बंद असला की विसर्जनाची मिरवणूक असते. लगेच पाच-सहा हात वर येतात. खोदकाम असेल, पालखी असेल, कुणी मोठं माणूस येणार असेल. तर मग उलटं विधान वेगळं सिद्ध करायला हवं, आपोआप मिळत नाही. पायथागोरसच्या बाबतीत ते मिळतं, कारण त्याचीही सिद्धता आहे, आणि ती पुस्तकात दिलेली आहे. पुढे बारावीच्या गणिताच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ तर्कशास्त्राचा आहे, सायन्सला आणि कॉमर्सलाही. जर-तर विधानं, त्यांचे व्यत्यास, सत्यता सारणी. नववी-दहावीत ज्यांनी व्यत्यासाशी झटापट केलेली असते त्यांना तो पाठ ओळखीचा वाटतो. ज्यांनी केलेली नसते ती मुलं सारण्या पाठ करत बसतात.

एकदा ऑफ तासाला मी सहावी-सातवीच्या एका वर्गावर गेले होते. तिथे मी कापरेकरांची करामत दाखवते, आणि त्या दिवशी दहावीतल्या दोघी काही कामासाठी दारात येऊन थांबल्या होत्या. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ पासून सुटका नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे येऊन थांबते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसन कॉलेजमध्ये शिकले आणि पुढे नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी छापून आलं तेव्हा ते शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पुण्याला गणित शिकवणाऱ्या मोठ्या माणसांची वाण नाही. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघालं तेव्हा लोकमान्य तिथे गणित शिकवत. रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतून फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. पण शाळामास्तर म्हणून मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते कापरेकर.

तर त्या दारातल्या दोघींपैकी एकीने मला मधल्या सुट्टीत गाठलं. ‘बाई, तुम्ही आम्हाला म्हणालात मोजून सिद्ध होत नाही. मग सातच पायऱ्या लागतात हे कशावरून?’ मी तिला विचारलं, चार अंकी संख्या एकूण किती? दहा हजारांच्या आतच. एकेक तपासली तर? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘मग संपतात. म्हणजे सगळ्या तपासल्या तर ती सिद्धताच झाली. अर्धवर्तुळावरचे बिंदू संपत नाहीत.’ कुठे तपासून भागतं आणि कुठे भागत नाही, हा फरक तिने शाळेच्या जिन्यात उभं राहून स्वतः काढला. तिला बोर्डात किती गुण पडले ते मला आज आठवत नाही.

त्रिकोणमितीला आम्ही वर्गाबाहेर जातो. कोनमापकाला दोरा बांधायचा, दोऱ्याच्या टोकाला खोडरबर, कोनमापकाच्या सरळ कडेवर पेनची रिकामी नळी चिकटवायची. नळीतून इमारतीचं टोक बघायचं, दोरा किती सरला ते सोबतीने वाचायचं. शाळेच्या इमारतीची उंची काढायला सोपी युक्ती म्हणजे कोन ४५ अंश येईपर्यंत मागे मागे जायचं. मग इमारतीपासूनचं अंतर आणि आपल्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची यांची बेरीज म्हणजे इमारतीची उंची. डोळ्यांची उंची मिळवायला दरवर्षी निम्मी मुलं विसरतात आणि इमारत त्यांच्यापुरती खुजी होते. एका गटाला महात्मा फुले मंडईचा मनोरा मोजायचा होता. १८८६ पासून उभी असलेली वास्तू, मधला मनोरा अष्टकोनी. पण मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत टेप धरायचा कसा? मध्ये गाळे, टोपल्या, माणसं. तेव्हा त्यांनी रस्त्यावर एकाच रेषेत दोन जागा धरल्या, दोन्हीकडून कोन घेतले आणि दोन जागांमधलं अंतर तेवढं मोजलं. पुस्तकातल्या उदाहरणांत दोन-दोन उन्नत कोन का दिलेले असतात, हे त्यांना भाजीच्या गर्दीत कळलं. मला आधी सांगायचं सुचलं नव्हतं, आता दरवर्षी सांगते.

आमच्या पाठ्यपुस्तकांबद्दलही दोन शब्द. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीतून ही पुस्तकं निघतात; दहावीचं सध्याचं पुस्तक २०१८ चं. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. पुस्तक उघडून शांतपणे वाचलं तर दिसतं की कितीतरी प्रमेयांच्या आधी करून बघायला काहीतरी दिलेलं आहे, कागद कापायचा, घडी घालायची, मोजायचं, आणि मग सिद्धता. कष्टाने रचलेला क्रम आहे तो. गाईडमध्ये हा सगळा भाग नसतो, तिथे थेट उत्तर असतं. अप्पा बळवंत चौकात मुलं गाईडांच्या ढिगापाशी उभी असलेली दिसली की मला थांबून सांगावंसं वाटतं, आधी पुस्तक वाचा रे. दोन-तीनदा सांगितलंही आहे.

ऑलिंपियाडकडे वळणारी मोजकी मुलं वेगळी. त्यांच्यासाठी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, १९७६ मध्ये प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी स्थापन केलेलं, आणि तिथे जाणाऱ्या मुलांना सिद्धतेचं महत्त्व सांगावं लागत नाही. माझा जीव तुटतो तो बाकीच्यांसाठी. जी मुलगी दहावीनंतर गणित सोडून आर्ट्‌सला जाणार आहे, जो मुलगा आयटीआयला जाणार आहे, त्यांना कारणांचा रकाना पुन्हा आयुष्यात कुणी देणार नाही. त्यांच्यासाठी ही दोनच वर्षं आहेत. ‘पुढे उपयोग काय’ असं विचारून नेमकी हीच मुलं यादी हातात घेतात, म्हणून त्यांच्या पालकांना मी सभेनंतर थांबवून बोलते. बहुतेक जण ऐकून घेतात. एका मुलीची आई म्हणाली होती, ‘मॅडम, मला यातलं काही कळत नाही, पण ती घरी मला फरशीवर खडूने समजावून सांगते, ते मला कळतं.’ त्या मुलीला मी वर्तुळाचा पाठ सोडू दिला नाही.

यादी करून झाली असेल आणि तरी हे वाचून थोडं मन वळलं असेल, तर स्पर्शिकाखंडापासून सुरुवात करा. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या तर दोन्ही स्पर्शिकाखंड एकरूप असतात. पुस्तक मिटा, आकृती मोठी काढा, अर्ध्या पानाची, पेन्सिलने. स्पर्शबिंदूंना त्रिज्या जोडा, बाहेरचा बिंदू केंद्राला जोडा. स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यातला कोन किती असतो, ते आठवा. दोन काटकोन त्रिकोण दिसतील, कर्ण दोघांचा एकच. एकरूपतेची कोणती कसोटी लागते ते मी इथे लिहीत नाही. घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, आजी असली तर फारच उत्तम, आणि तिला प्रत्येक ओळीला ‘कशावरून?’ एवढंच विचारायला सांगा.